दगडूजीचं दरडोई

सन दोन हजार पंचवीस. मला चौऱ्याहत्तर सरून पंचाहत्तरावं लागलं होतं, आणि त्याच साली आमच्या शेजारच्या दगडूजीनं बारशाच्या घरी असं एक वाक्य टाकलं की पाळण्याची दोरी धरलेल्या बाया दोरी सोडून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

बारसं आमच्या गल्लीतल्या शांताबाईच्या नातवाचं. दगडूजीनं टोपी सारखी केली, पाळण्यात वाकून पाहिलं, लेकराच्या मुठीत नोट कोंबली आणि म्हणाला, "पोरगं झ्याक हाय. नाक आजावर गेलं. पन शांताबाई, तुमच्या घराचं दरडोई खाली आलं बरं का."

"काय खाली आलं?" शांताबाईनं आधी पदर पाहिला, मग पाळणा पाहिला.

"दरडोई. म्हैस एकच हाय ना? अन् खानारं एक डोकं वाढलं. डोक्यानं भागा."

डोक्यानं भागा. हे त्याचं बोलणं. जगात जे काही आहे ते माणसांच्या डोक्यांनी भागायचं, आणि जे उरेल ते खरं. बाकी सगळा देखावा. लग्नात जिलबी कमी पडली आणि व्याही आचाऱ्याच्या अंगावर धावले, तर हा मधात उभा राहणार. "जिलबी कमी नाही पडली, डोके जास्त आले." गावात निवडणुकीची सभा झाली. पाहुण्यानं माईकवर सांगितलं की देशाची कमाई एवढी झाली, तेवढी झाली. लोक टाळ्या वाजवत होते आणि हा मागून हात वर करून ओरडत होता, "भागा ना! डोक्यानं भागा!" कार्यकर्त्याला वाटलं भागवत म्हणतो आहे. त्यानं येऊन सांगितलं, बाबा, भजन संध्याकाळी आहे.

एकदा आम्ही दोघं रोहिणखेडला माझ्या साडूच्या घरी बसायला गेलो. साडूचे वडील वारले होते. एसटीतच मी त्याला बजावलं, "तिथं तोंड उघडू नको." तो शहाण्यासारखा बसला. पाणी प्याला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हातारे गेले. लय वाईट झालं." मला बरं वाटलं. तेवढ्यात त्यानं घरातल्या माणसांवरून नजर फिरवली आणि सुरू झाला, "आता ह्या घराचं दरडोई..." मी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की त्यानं ते वाक्य "देवाच्या हाती," असं पुरं केलं. साडू आजही म्हणतो, तुमचे शेजारी मोठे भक्तिमार्गी दिसतात.

हे खूळ त्याला कुठून लागलं ते गावाला ठाऊक आहे. तुम्हालाही सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजेल.

दगडूजीनं सारी उमर मलकापूरला जिनिंगात काट्यावर काढली. कापसाच्या गाड्या यायच्या, हा वजन करायचा. बायको दुर्पदा लवकर गेली. एकच पोरगा, संजू. त्यानं आयटीआय केलं, सूतगिरणीत मशीन दुरुस्त करायला लागला, आणि लॉकडाऊन उठल्यावर त्याला बांगलादेशातल्या एका सूतगिरणीचं बोलावणं आलं. आपल्याकडचा कापूस तिकडं जातो, त्याच्या मागं आपली माणसंही जातात. मलकापूरच्या फलाटावर आम्ही त्याला सोडायला गेलो. दगडूजीनं विचारलं, "कवा येशीन?"

पोराच्या हातात पेपर होता. त्या दिवसांत पेपरात तेच चाललं होतं, की माणशी उत्पन्नात तो एवढासा देश आपल्या रत्तीभर पुढं गेला. पोरगा हसला, बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, जवा आपला देश माणशी त्यायच्या पुढं जाईन ना, तवा येतो."

गाडी आली, पोरगा गेला. पोरानं ते हसून म्हटलं होतं हे मलाही समजलं, हमालालाही समजलं. दगडूजीनं ते स्टँपपेपरवर लिहून दिल्यासारखं धरलं. आपला देश पुढं गेला की संजू घरी येणार. ठरलं म्हणजे ठरलं.

तेव्हापासून दिवाळ्या आल्या नि गेल्या. संजूचा फोन येतो, पैसे येतात, संजू येत नाही. "पाहू बाबा," म्हणतो. मधात तिकडं रस्त्यावर गडबड झाली, टीव्हीवर जाळपोळ दिसत होती. तेव्हा तरी येईल असं सगळ्यांना वाटलं. दगडूजी दोन दिवस जेवला नाही. मग फोन लागला. मिलच्या आवारातच राहतो, बरा आहे म्हणाला. तेव्हाही आला नाही.

आता भांडणाचं सांगतो, कारण त्यात मी आहे.

मी चौथी शिकलो. पुढची शाळा मलकापुरात होती आणि बैल घरी होते, म्हणून थांबलो. पण चौथीपर्यंतचं पक्कं आहे. आमच्या शाळेत भिंतीवर नकाशा होता आणि त्या नकाशात बांगलादेश नव्हताच. तो नंतर झाला. म्हणजे मी त्या देशापेक्षा वयानं मोठा. आणि हा दगडूजी मला सांगणार की ते आपल्यापुढं?

"आपला देश केवढा, तो केवढासा!" मी म्हटलं.

"मोठा हाय म्हनूनच तं भागा लागते."

"असं? मंग माह्या घरी दोन म्हशी अन् खटलंभर मानसं. तुह्या घरी एक बकरी अन् तू एकटा. तं तू माह्याहून मोठा का बे?"

दगडूजीनं डोळे मिटले, बोटं हलवली आणि म्हणाला, "दरडोई काढलं तं बकरी भारी पडते, किसन."

पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. दूधही बंद केलं. म्हटलं, पी तुझ्या भारी बकरीचं. म्हातारीनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, माझ्या मागं कुंपणावरून तांब्या देणं चालूच ठेवलं हे मला नंतर कळलं.

निकाल सांगायला गावात वंदना मॅडम होत्या. भीमनगरात राहतात, मलकापूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, सकाळच्या एसटीनं जातात. दगडूजी त्यांना स्टँडवर गाठायचा. "मॅडम, लागला का निकाल?" नव्या कंडक्टरला वाटायचं, ह्याचा नातू बारावीला असेल.

मॅडम मोठ्या धीराच्या. एक दिवस त्यांनी आम्हा दोघांना लिंबाच्या पारावर बसवलं आणि सांगितलं, "काका, मापं दोन असतात. एक डॉलरचं. दुसरं म्हणजे, त्या पैशात तिथल्या बाजारात काय किती येतं, त्याचं. डॉलरच्या मापानं ते थोडे वर आहेत. बाजाराच्या मापानं आपण वर."

मी मांडीवर थाप मारली. "हे बाजाराचं माप खरं! मानूस डॉलर खाते का भाकर खाते?"

दगडूजी उठून उभा राहिला. "डॉलर. काटा एकच पायजे. दोन काटे ठेवनारा जिनवाला चोर असते, म्या सारी उमर पाह्यलं."

आणि इथंच मला त्याचं कोडं सुटत नव्हतं. तुम्हीच सांगा. आपण पुढं गेलो तर पोरगा घरी येणार. एक माप म्हणतं आपण पुढं आहोत. मग कोणताही बाप तेच माप उचलून पोराला फोन करेल की नाही? हा उलटा. दर वेळी ज्या मापानं ते वर, तेच हा धरणार. मॅडमनी "अजून ते वर आहेत," असं सांगितलं की याच्या तोंडावर उजेड पडायचा. हॉटेलात बसेल त्याला चहा पाजायचा. गावातले पोट्टे त्याला 'ढाकेवाले' म्हणायला लागले. मी एकदा सरळ विचारलं, "तू कोनाच्या बाजूचा बे?"

"काट्याच्या," तो म्हणाला.

मी म्हटलं, हट्टी आहे. हट्टी माणूस मला लगेच ओळखू येतो.

आता पंगतीचं. आमच्या शेतात दर साली मारुतीपुढं रोडग्याची पंगत असते. गव्हाचे जाड रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, कुस्करून तुपात भिजवायचे, वर वरण आणि वांग्याची भाजी. वांगी माझ्या मळ्यातली. त्या वांग्याला तालुक्यात जोड नाही, हे मी सांगायला नको, पण सांगतो. पंगतीचं आवतन चूलबंद असतं. म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, घरचे सगळे आपल्याकडे. आवतन द्यायला गेलं की घरधन्यानं डोके सांगायचे. त्या चुलीवर जेवणारे जेवढे, तेवढे. कोणी गावाला गेलं असेल तरी तो त्याच चुलीचा, त्याचा वाटा झाकून घरी पाठवायचा. असा आमच्याकडचा रिवाज.

मी दगडूजीच्या दारात उभं राहून विचारायचो, "किती डोके?"

"दोन."

दर साली दोन. साऱ्या जगाला डोक्यानं भागायला सांगणारा माणूस स्वतःच्या घरात चुकायचा. घरात तो आणि बकरी. मी म्हातारीला म्हणायचो, "ह्याले सोताचं घर मोजता येत नाही अन् देश मोजून राह्यला." म्हातारी मात्र दोन माणसांचे रोडगे वळायची. पंगत उठली की दगडूजी झाकलेलं ताट घेऊन घरी जायचा. त्या ताटाचं पुढं काय व्हायचं, मी कधी विचारलं नाही. बकरीची तब्येत मात्र चांगली होती.

त्या बारशाच्या साली पंगतीला वंदना मॅडमही आल्या होत्या. मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. मॅडमच्या पत्रावळीपाशी आलो तर त्या हळूच म्हणाल्या, "किसनकाका, नवे आकडे आले. या खेपेला दोन्ही मापांनी आपण वर आहोत."

"डॉलरनं बी?"

"डॉलरनंही."

माझ्या हातातली पळी वाजली. पंचाहत्तरीच्या माणसानं उडी मारू नये, पण माझे पाय मला विचारत नाहीत. मी पंगतीच्या मधोमध उभा राहिलो आणि ओरडलो, "दगडूजी! हरला तू! दोन्ही काट्यानं आपला देश वर गेला! आता तोंड कुठं लपवतं?"

पंगतीत हसू उठलं. कोणी शिटी मारली. मग शांताबाई म्हणाली, "अवं, म्हंजे संजू येते ना आता!" आणि सगळ्यांना एकदम आठवलं. "हाव ना! संजू येते! फोन लावा, फोन लावा!"

दगडूजीनं घास हातातच धरला होता. तो म्हणाला, "मोजन्यात चूक असन."

"चूक कायची? मॅडम इथंच बसल्या हायेत."

"डोके बराबर धरले नसन त्यायनं."

पण पंगत पेटली होती. शांताबाईच्या जावयानं दगडूजीच्याच खिशातून फोन काढला, संजूचं नाव शोधलं, लावला आणि म्हाताऱ्याच्या कानाला धरला. साऱ्या पंगतीनं जेवण थांबवलं. मी बादली खाली ठेवली.

"हाव संजू... हाव, जेवून राह्यलो. किसनच्या शेतात. रोडगे... हाव, वांगे लय चांगले." तो थांबला. पलीकडून संजू काही बोलत होता. "नाही, असाच लावला. काही खास नाही."

"सांग ना बे!" मी ओरडलो. "काऊन सांगत नाही?"

"कोनी नाही, किसन हाय. त्याले तूप चढलं. ठेवतो. जेवून घेजो." आणि फोन ठेवला.

मला असा राग आला! एवढी सालं भांडलो, जिंकलो, आणि ह्या माणसानं माझी जीत फोनवर सांगितलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "तुले पोरगं घरी यावं वाटत नाही काय रे?" हे मी मोठ्यानं म्हटलं.  दगडूजीनं हातातला घास खाल्ला, हात धुतला, झाकलेलं ताट घेतलं आणि निघून गेला.

दिवे लागायच्या वेळी तो कुंपणापाशी आला. मी खाटेवर बसलो होतो. तेच ताट त्याच्या हातात होतं, झाकलेलंच.

"हे घे वापस," तो म्हणाला. "पुढच्या साली माह्या घरचं एकच डोकं धर."

"काऊन?"

तो कुंपणाच्या बल्लीला टेकला.  मग म्हणाला, "किसन, ते वर होते ना, तोवर माह्या पोराचं न येनं ठरलेल्या बोलीतलं होतं. पोरगं खोटं नव्हतं. देशच मांग होता, त्याले पोरगं काय करीन? लोक इचारे, संजू काऊन येत नाही? म्या सांगे, दरडोई पाहा ना, अजून ते वर हायेत."

"मंग आता तं आपन वर हाओत. आता येईन."

"अन् नाही आला तं?"

मी खाटेवरून उठून कुंपणापाशी गेलो.

"फोनवर म्या त्याले सांगतलं असतं," तो म्हणाला, "अन् तो म्हनला असता, 'पाहू बाबा.' मंग म्या काय धरून बसू? सांग. तू मले इतकी साल इचारून राह्यला, कोनाच्या बाजूचा. म्या कोनाच्या बाजूचा असन, किसन?"

त्यानं ताट बल्लीवरून माझ्याकडे सरकवलं. मी हात पुढं केला नाही, पण मागंही घेतला नाही.  तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, "ताट घेऊ नका! भाऊजी, ते घरी न्या. बोलीचा वाटा कोनी वापस घेत नसते."

दगडूजीनं आतल्या आवाजाकडे पाहिलं. मग ताट घेऊन गेला.

मी आत गेलो. म्हातारी चुलीपाशी होती. मी म्हटलं, "तुले माहीत होतं?"

"त्यात काय माहीत असाचं?" ती म्हणाली. "दोन डोके म्हने ना तो."

मला वाटलं ती अजून काही बोलेल, मला शिव्या देईल, कारण पंगतीत मी जे बोललो ते तिनंही ऐकलं होतं. ती काही बोलली नाही. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर बदललं, पागोटं बांधलं आणि एसटीच्या वेळेला स्टँडवर गेलो. पारावर सगळे होते. शांताबाईचा जावई होता, काल शिटी मारणारे पोट्टे होते, मॅडम बॅग घेऊन उभ्या होत्या. दगडूजी हॉटेलाच्या बाकावर एका टोकाला बसला होता, आणि कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. त्याला काय विचारावं, हे कोणाला समजत नव्हतं.

मी पारावर चढलो. खाकरलो. "काल माह्याच्यानं चूक झाली," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण हे वाक्य माझ्या तोंडून गावानं कधी ऐकलं नव्हतं. "म्या मॅडमचं नीट ऐकलं नाही. बाजाराच्या मापानं आपन वर. डॉलरनं अजून ते वर हायेत."

मॅडमनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दगडूजीकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "आकडे मागाहून दुरुस्त होत असतात, काका. इतक्यात काही पक्कं धरू नये." एवढं बोलून त्या एसटीत चढल्या. शिकलेली बाई, खोटंही बोलली नाही आणि माझं खोटं पाडलंही नाही.

दगडूजी बाकावरून उठला. "म्या काल म्हटलं होतं, डोके बराबर धरले नसन," तो म्हणाला.  "किती वर हायेत?"

"रत्तीभर."

"रत्तीभर म्हंजे औंदा नाही तं पुढच्या साली आपन गाठतो त्यायले."

"हाव. गाठतो."

"मंग येईन तो."

"हाव," मी म्हटलं.

त्यानं हॉटेलवाल्याला हाक मारून सगळ्यांना चहा सांगितला. पोट्टे ओरडले, "ढाकेवाले जिंकले!" मी मान खाली घालून चहा प्यालो. माझ्यापेक्षा वयानं लहान असलेल्या देशाला मी पहिल्यांदा चारचौघांत आपल्यापुढं जाऊ दिलं. मग घरी गेलो, पागोटं खुंटीला लावलं आणि म्हातारीला सांगितलं, पुढच्या पंगतीला दगडूजीच्या घरचे दोन डोके धरजो.